भरपूर असण्याचा तोटा: पिवळ्या छातीच्या भारिटाचं प्रकरण

जगभरातल्या जातींना किती धोका आहे हे नोंदवणाऱ्या आययूसीएन या संस्थेच्या लाल यादीत २००४ पर्यंत पिवळ्या छातीच्या भारिट या छोट्या पक्ष्याची नोंद ‘काळजीचं कारण नाही’ या गटात होती. त्या वर्षी तो ‘संकटसमीप’ झाला. २००८ मध्ये ‘असुरक्षित’, २०१३ मध्ये ‘संकटग्रस्त’ आणि २०१७ मध्ये ‘अतिसंकटग्रस्त’. तेरा वर्षांत चार पायऱ्या खाली. यानंतर यादीत दोनच रकाने उरतात, ‘निसर्गातून नामशेष’ आणि ‘नामशेष’.

एखाद्या बेटावर किंवा एकाच डोंगरात राहणाऱ्या पक्ष्याचं असं झालं असतं तर ते समजण्यासारखं होतं. तिथे दोन वाईट हंगाम पुरतात. पण हा पक्षी फिनलंडपासून रशियाच्या कामचाटकापर्यंत आणि जपानच्या होक्काइडोपर्यंत वीण करायचा. उत्तर युरेशियातल्या सगळ्यात जास्त संख्येने असणाऱ्या गाणाऱ्या पक्ष्यांत त्याची गणना होती. सायबेरियातल्या नदीकाठच्या ओल्या कुरणांत तो इतका होता की त्याची मोजदाद करावी असं कुणाला वाटलं नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे. चीनमध्ये पक्षी पकडणाऱ्यांचं जाळं आणि तो खाणाऱ्या गिऱ्हाइकाची जीभ ही कारणं आहेतच, पण ती तीस वर्षं बिनबोभाट चालू शकली, कारण ‘हा काय, ढिगाने आहे’ हे सगळ्यांनीच गृहीत धरलेलं होतं.

पक्षी आणि त्याची वाट

भारीट महाराष्ट्राला नवा नाही. हिवाळ्यात शाळूच्या शेतावर थव्यांनी उतरणारे काळ्या डोक्याचे आणि लाल डोक्याचे भारीट सोलापूर-नगरकडच्या शेतकऱ्याला चांगले माहीत असतात. पिवळ्या छातीचा भारीट हा त्यांचाच भाऊबंद. चिमणीएवढा, जेमतेम १५ सेंटीमीटर लांब, वजन २० ते २५ ग्रॅमच्या आसपास. विणीच्या हंगामात नराचं तोंड काळंभोर, डोकं आणि पाठ तपकिरी-तांबूस, पोट लख्ख पिवळं, आणि त्या पिवळ्यावर गळ्याखाली एक अरुंद तांबूस पट्टा. खांद्यावर पांढरा डाग. मादी याच रंगांची, पण फिकी आणि रेघारेघांची. पीटर सायमन पालास या निसर्गतज्ज्ञाने १७७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्याला ‘एम्बेरिझा ऑरिओला’ हे नाव मिळालं.

तो घरटं करतो जमिनीवर, गवताच्या गचपणात. नर एखाद्या झुडपाच्या शेंड्यावर बसून गातो. पिल्लांना किडे भरवतो आणि स्वतः हिवाळ्यात बियांवर, मुख्यतः गवताच्या बियांवर आणि भातावर जगतो. उत्तरेत तो फार थोडा काळ असतो. मे सरता सरता किंवा जूनच्या सुरुवातीला पोचायचं, एक वीण उरकायची आणि ऑगस्ट लागतो न लागतो तोच निघायचं.

आता वाट पाहा. फिनलंडमधला पक्षी थंडीत कुठे जाईल? नकाशा समोर ठेवला तर सरळ उत्तर आफ्रिका येतं. युरोपातले कितीतरी छोटे पक्षी तेच करतात. हा मात्र तोंड पूर्वेला करतो. उरल पर्वत ओलांडून, अख्खा सायबेरिया आडवा कापून चीनच्या ईशान्येपर्यंत जातो आणि तिथून दक्षिणेला वळतो. नेपाळची तराई, ईशान्य भारत, बांगलादेश, म्यानमार, थायलंड, कंबोडिया, दक्षिण चीन ही त्याची हिवाळ्याची घरं. पक्षीतज्ज्ञांच्या मते ही जात मुळातली पूर्वेची, हळूहळू पश्चिमेकडे सरकत युरोपात पोचलेली. फिनलंडमध्ये तर ती विसाव्या शतकातच स्थिरावली. मुलूख वाढला, पण येण्याजाण्याची वाट जुनीच राहिली. आपल्याकडे येणाऱ्या काळ्या डोक्याच्या भारिटाचंही असंच आहे. तो इटली आणि बाल्कनमध्ये वीण करतो आणि आफ्रिका जवळ असूनही हिवाळ्याला पश्चिम आणि मध्य भारतात येतो.

या वाटेचा परिणाम असा की पक्षी फिनलंडचा असो, बैकल सरोवराकडचा असो की अमूर नदीकाठचा, जवळजवळ प्रत्येकाला पूर्व चीनमधून जावंच लागतं. वर्षातून दोनदा. हजारो किलोमीटर रुंदीचा विणीचा मुलूख एका चिंचोळ्या पट्ट्यात येऊन मिळतो.

त्यात आणखी एक भर. बहुतेक छोटे स्थलांतरित पक्षी एक तर निघण्याआधी पिसं बदलतात, नाहीतर पोचल्यावर. पिवळ्या छातीचा प्रौढ भारीट जुन्याच पिसांवर निघतो आणि मध्येच थांबून पिसं बदलतो, ती मुख्यतः चीनमध्ये, यांगत्से नदीच्या खोऱ्यात. म्हणजे तो तिथून नुसता उडून जात नाही, काही आठवडे मुक्काम ठोकतो, आणि तोही उडायची ताकद कमी असतानाच्या दिवसांत. तिथून पुढे दक्षिणेला सरकतो तेव्हा ग्वांगडोंग प्रांतातला उशिराचा भात पिकत आलेला असतो. भात खाऊन अंगावर चरबी चढते. दिवसभर शेतात विखुरलेले पक्षी अंधार पडायच्या सुमाराला बोरूच्या बेटात नाहीतर उसाच्या फडात हजारोंनी एकत्र रात्रीला उतरतात.

पकडणाऱ्याला याहून सोयीचं काय हवं?

ताटात

दक्षिण चीनमध्ये, विशेषतः ग्वांगडोंगमध्ये, हा पक्षी खाण्याची रीत जुनी आहे. भातावर पडणारी धाड म्हणून शेतकरी तो पकडत आणि घरी खात. शरद ऋतूत धरलेला चरबीदार पक्षी अंगाला ऊब देतो, शक्ती वाढवतो असा समज होता. ‘आकाशातला जिनसेंग’, म्हणजे त्या शक्तिवर्धक मुळीच्या तोडीचा, असंही त्याला म्हणत. गावातल्या गावात पकडून गावातच खाल्ला जाईपर्यंत या रिवाजाने जातीचं फारसं बिघडलं नसावं. शतकानुशतकं लोक खातच होते आणि थवे येतच होते.

१९८० नंतर गणित बदललं. चीनमध्ये पैसा आला आणि तो सगळ्यात आधी ग्वांगडोंगमध्ये आला. घरचा पदार्थ हॉटेलातला मानाचा पदार्थ झाला. कंत्राट मिळालं, पाहुणे आले, साहेबाला जेवायला न्यायचं असलं की टेबलावर हे भाजलेले पक्षी. फोशान शहरातल्या सानश्वे भागात १९९२ मध्ये याच पक्ष्याच्या नावाने खाद्यमहोत्सव सुरू झाला. आपल्याकडे हुरडा महोत्सव भरतात तसाच तो स्थानिक अभिमानाचा, पर्यटन वाढवण्याचा कार्यक्रम होता. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, हे लक्षात ठेवायला हवं.

त्याच सुमाराला नायलॉनची बारीक जाळी स्वस्त झाली. पक्षी अभ्यासक ज्याला मिस्ट नेट म्हणतात तीच ही. केसासारखा धागा, आडव्या दोऱ्यांवर ताणलेली, आणि प्रत्येक दोरीखाली जाळ्याचा थोडा ढिला झोळ सोडलेला. पक्षी येऊन आदळला की झोळात पडतो, पाय आणि पंख अडकतात, जितका फडफडेल तितका गुरफटतो. बोरूच्या पार्श्वभूमीवर संधिप्रकाशात हे जाळं माणसालाही दिसत नाही. पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घालणारा संशोधक हेच जाळं वापरतो आणि थोड्याथोड्या वेळाने फेरी मारून एकेक पक्षी हलक्या हाताने सोडवतो. इथे मात्र दहा-वीस जाळी एका रांगेत, शेजारी ध्वनिमुद्रित आवाज वाजवणारं यंत्र, आणि सकाळी पोत्यात भरणं. शीतगृहं आणि चांगले रस्ते असल्यामुळे पकडण्याची जागा आणि खाण्याची जागा एक असण्याची गरजही संपली. ग्वांगडोंगमध्ये पक्षी कमी पडू लागले तसे पकडणारे त्यांच्या वाटेवर उत्तरेकडे सरकत गेले.

२००१ मध्ये एकट्या ग्वांगडोंगमध्ये सुमारे १० लाख भारीट खाल्ले गेले असावेत, असा अंदाज पुढे आला. एका प्रांताचा, एका वर्षाचा.

दोन टक्क्यांचा हिशेब

या जातीचं नेमकं काय झालं याचा पहिला नीट हिशेब २०१५ मध्ये मांडला गेला. जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठातले योहानेस काम्प आणि त्यांच्या अनेक देशांतल्या सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी, वर्षानुवर्षं चाललेल्या गणना आणि चीनमधल्या पोलिसांच्या छाप्यांचे आकडे एकत्र केले. ‘कन्झर्व्हेशन बायोलॉजी’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. निष्कर्ष असा: १९८० ते २०१३ या काळात या पक्ष्याची संख्या ८४.३ ते ९४.७ टक्क्यांनी घटली आणि त्याचा मुलूख ५,००० किलोमीटरने आक्रसला.

मला त्या निबंधात सगळ्यात जास्त खिळवून ठेवलं ते दुसऱ्याच एका आकड्याने. एवढी घसरण व्हायला किती पक्षी मारावे लागले असतील, याचं गणिती प्रतिमान त्यांनी तयार केलं. सुरुवातीला दरवर्षी एकूण संख्येच्या फक्त २ टक्के पक्षी पकडले गेले आणि हे प्रमाण दरवर्षी ०.२ टक्क्यांनी वाढत गेलं असं धरलं, की प्रत्यक्षात नोंदलेली घसरण जवळपास तशीच्या तशी मिळते.

२ टक्के म्हणजे शंभरात दोन. ऐकायला काहीच नाही. त्यांचं प्रतिमान अर्थातच याहून गुंतागुंतीचं आहे, पण कागद-पेन्सिल घेऊन साधा हिशेब करून पाहता येतो. जन्म आणि नैसर्गिक मृत्यू एकमेकांना बरोबर फेडतात आणि वरचा तोटा फक्त जाळ्यांमुळे होतो, असं धरा. १९८० मध्ये १०० पक्षी. पहिल्या वर्षी २ टक्के गेले, दुसऱ्या वर्षी २.२, तिसऱ्या वर्षी २.४. दहा वर्षांनी साधारण ७५ उरतात. थवे अजूनही थवेच दिसतात, कुणी ओरड करत नाही. वीस वर्षांनी ४५. आता जुन्या माणसांना ‘पूर्वी जास्त यायचे’ असं वाटू लागतं, पण असं तर सगळ्याच बाबतीत वाटतं. तेहतीस वर्षांनी १७. आणि त्या शेवटच्या वर्षीसुद्धा पकडण्याचं प्रमाण साडेआठ टक्क्यांच्या आतच आहे. एका वर्षात अर्धे पक्षी मारले असा कुठलाही प्रसंग या हिशेबात नाही.

घसरणीचा भूगोलही बोलका आहे. जात आधी पश्चिमेकडून गेली. फिनलंडमध्ये २००० नंतरच्या दशकात तिची वीण थांबली. मग युरोपीय रशिया रिकामा होत गेला आणि रिकामेपणा पूर्वेकडे सरकत राहिला. ज्यांचा प्रवास सगळ्यात लांबचा आणि जे मुलखाच्या टोकाला, ते आधी संपले. जपानमध्ये होक्काइडोच्या उत्तरेकडची सारोबेत्सूची दलदल हा एवढाच आसरा उरला.

इतका मोठा मुलूख असलेल्या पक्ष्याची इतक्या वेगाने झालेली घसरण याआधी एकदाच पाहिली गेली होती, असं त्या निबंधाचे लेखक म्हणतात. उत्तर अमेरिकेतलं पॅसेंजर पिजन, आता नामशेष झालेलं एक कबूतर. त्या जातीची शेवटची मादी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. तिथेही आधी कुणाचा विश्वास बसत नव्हता, कारण थवे डोळ्यांनी दिसत होते. थव्याने राहणाऱ्या पक्ष्याची हीच फसवी बाजू आहे. संख्या घटली तरी उरलेले एकत्रच येतात, त्यामुळे पाहणाऱ्याला गर्दी दिसत राहते आणि पकडणाऱ्याला जाळं लावणं परवडत राहतं.

बंदी आली तरी

चीनने या पक्ष्याच्या शिकारीवर १९९७ मध्येच बंदी घातली. सानश्वेचा महोत्सवही बंद पडला. वर दिलेला १० लाखांचा अंदाज २००१ चा आहे, म्हणजे बंदीनंतरचा.

असं का झालं? माल दर्शनी टेबलावरून मागच्या खोलीत गेला. ओळखीच्या गिऱ्हाइकालाच मिळू लागला, त्यामुळे उलट त्याची शान वाढली आणि भाव चढला. भाव चढला की लांबच्या प्रांतातून माल आणणं परवडतं. जो पदार्थ मिरवण्यासाठी खाल्ला जातो तो महाग झाल्याने मागणी घटत नाही. तो खातात ते महाग आहे म्हणूनच. शिवाय पिसं काढलेला, गोठवलेला भारीट आणि पिसं काढलेली चिमणी यांत फरक करणं अनुभवी माणसालाही सोपं नसतं. छापा टाकणाऱ्या हवालदाराने काय ओळखायचं? पकडला गेलाच तरी तेव्हा शिक्षा अशी नव्हती की धंदा सोडावासा वाटेल. दंड हा धंद्यातला एक खर्च होता, बर्फासारखा.

आपल्याकडच्या अनुभवावरून हे कळायला जड जाऊ नये. कायदा कागदावर असणं आणि तितर-लावे ढाब्याच्या मागच्या दाराने न मिळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बाकीची कारणं

फक्त जाळ्यांवर सगळा दोष टाकणं बरोबर नाही, असं म्हणणारे अभ्यासक आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. यांगत्सेच्या खोऱ्यातली बोरूची बेटं आणि पाणथळी शेतीखाली आणि शहरांखाली गेल्या. दक्षिण आणि आग्नेय आशियातली भातशेती बदलली. जिथे कापणीनंतर खुंट आणि सांडलेला दाणा महिनोनमहिने शेतात राहायचा, तिथे आता लगेच नांगरट होऊन दुसरं पीक उभं राहतं. तणनाशकाने बांधावरचं गवत जातं आणि त्याबरोबर त्याच्या बिया. अमूरच्या खोऱ्यात वसंतात लागणाऱ्या, बरेचदा माणसानेच लावलेल्या आगींत विणीची कुरणं जळतात.

तरीही मला जाळ्यांचं पारडं जड वाटतं, आणि त्याचं कारण विणीच्या मुलखातच आहे. १९९१ नंतर सोव्हिएत व्यवस्था कोसळली, सामूहिक शेतं ओस पडली आणि रशियात मोठमोठी कुरणं पुन्हा रानटी झाली. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्याला यात तोटा नव्हता. नेमक्या त्याच वर्षांत हा पक्षी तिथून नाहीसा होत होता. घर शाबूत, घरधनी गायब. याचा अर्थ तो घरी परततच नव्हता.

त्याच वाटेवरचा दुसरा एक भारीट, शास्त्रीय नाव एम्बेरिझा रस्टिका, स्कँडिनेव्हियापासून पूर्वेकडे पसरलेला, जंगलातल्या दलदलीत वीण करणारा. त्याचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन दशकांत ७५ ते ८७ टक्के घट. त्याचा अधिवास वेगळा, खाणं थोडं वेगळं, प्रवास मात्र पूर्व आशियातूनच.

काय बदललं

इथवरचं वाचून वाटेल की शेवट ठरलेलाच आहे. तसं नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण अभ्यासण्याजोगं आहे.

हाँगकाँगच्या उत्तरेला लाँग व्हॅली नावाचा शेतीचा तुकडा आहे. चारी बाजूंनी शहर, मध्ये भाजीपाल्याचे वाफे आणि पाणी भरलेली खाचरं. तिथली भातशेती केव्हाच बंद पडली होती. २००५ पासून हाँगकाँग बर्ड वॉचिंग सोसायटीसारख्या संस्थांनी तिथल्या शेतकऱ्यांशी करार करून पक्ष्यांसाठी शेती सांभाळायला सुरुवात केली. खाचरांत पुन्हा भात लावला. शरद ऋतूत भारीट येतात तेव्हा काही भात मुद्दाम न कापता उभा ठेवायचा आणि शेतकऱ्याला त्याचा मोबदला द्यायचा, अशी ही सरळ व्यवस्था. उरलेला तांदूळ विकला जातो. ज्या भातावरून हा पक्षी शत्रू ठरला होता, तोच भात त्याच्यासाठी पेरला गेला. पुढे सरकारने या भागातली सुमारे ३७ हेक्टर जमीन निसर्ग उद्यान म्हणून राखली आणि २०२४ मध्ये ते खुलं झालं. ३७ हेक्टरने जात वाचत नाही, हे उघड आहे. पण पक्षी खाणाऱ्या प्रांताच्या अगदी उंबरठ्यावर, त्याच बोलीच्या लोकांत, पक्षी पाहायला गर्दी होऊ लागली, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

चीनच्या आतही बदल झाला. जाळी शोधून काढून तोडणारे स्वयंसेवक गावोगाव उभे राहिले, त्यांचे व्हिडिओ लोकांनी पाहिले, पोलिसांवर दबाव आला. मग करोना आला. २४ फेब्रुवारी २०२० रोजी चीनच्या संसदेच्या, म्हणजे राष्ट्रीय लोक काँग्रेसच्या, स्थायी समितीने जमिनीवरचे वन्यप्राणी खाण्यावरच बंदी घातली. तोवरचा कायदा पकडणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या मागे होता. आता खाणाराही कचाट्यात आला. फेब्रुवारी २०२१ मध्ये संरक्षित प्राण्यांची नवी यादी आली आणि तीत पिवळ्या छातीच्या भारिटाला पहिल्या श्रेणीत घेतलं. पांडा ज्या श्रेणीत आहे तीच ही. या श्रेणीतला प्राणी मारला किंवा विकला तर प्रकरण दंडावर मिटत नाही, तुरुंगात जावं लागतं.

साथीच्या भीतीने जे घडलं ते पक्ष्याच्या प्रेमाने घडलं नसतं, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण जमीन आधी तयार झालेली होती, हेही खरं. २०२१ मध्येच पूर्व आशियातल्या भारिटांच्या बेकायदा व्यापाराचा आढावा घेणारा एक निबंध आला. व्यापार थांबलेला नाही, असंच तो सांगतो. सोबत आशादायक उपायांचीही नोंद करतो. रशियाच्या पूर्वेकडच्या काही ठिकाणी घसरण थांबल्याच्या, क्वचित संख्या थोडी सावरल्याच्या नोंदी येऊ लागल्या आहेत. फिनलंडला मात्र पक्षी परतलेला नाही. पश्चिमेकडचा पाच हजार किलोमीटरचा रिकामा पट्टा भरून यायचा तर पूर्वेत आधी पिल्लांची रेलचेल व्हायला हवी, आणि तिथवर मजल गेलेली नाही.

आपल्याकडचे भारीट

भारताचा या प्रकरणाशी संबंध हिवाळ्याचा आहे. आसाम, अरुणाचल, मणिपूर इथल्या गवताळ पट्ट्यांत आणि भातशेतांत हे पक्षी येतात. महाराष्ट्रातल्या पक्षीमित्राला पिवळ्या छातीचा भारीट पाहायचा तर तिकडेच जावं लागतं.

कायद्याच्या बाबतीत आपण चीनच्या पुढे होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत भारीट होते आणि १९९१ पासून देशी रानपक्ष्यांचा व्यापार पूर्ण बंद आहे. त्याआधी भारतातून पिंजऱ्यात पाळण्यासाठी युरोपात पक्षी जात आणि त्यांत लाल डोक्याचे भारीट भरपूर असत. इतके, की ब्रिटनमध्ये रानात लाल डोक्याचा भारीट दिसला तर तिथले पक्षीनिरीक्षक तो स्थलांतरित आहे असं मानायलाच तयार नसत. कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटला असेल, म्हणून नोंद बाजूला ठेवत.

महाराष्ट्रात शाळूच्या कणसात दाणा भरला की माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणारा राखणदार या थव्यांना ओळखतो. तो पाखरं हाकलतो, त्यांची पोती भरत नाही. त्यामुळे आपल्याकडे धोका जाळ्याचा नाही. तो पिकाचा आहे. रब्बी ज्वारीच्या जागी ऊस, सोयाबीन, हरभरा येत गेला. कणसाऐवजी शेंग आणि कांडं. भारिटाच्या चोचीला यातलं काहीच उपयोगाचं नाही. माळरानं झाडं लावायला किंवा प्लॉट पाडायला गेली आणि रात्रीच्या मुक्कामाच्या बाभळी तुटल्या. काळ्या डोक्याचा भारीट आजही लाल यादीत सुरक्षित गटात आहे आणि बारामती, सासवड, मोहोळकडे हिवाळ्यात त्याचे शेकड्यांनी थवे दिसतात. म्हणजे मोजायला सुरुवात करावी अशी हीच वेळ.

मोजणं अवघड नाही, फक्त कंटाळवाणं आहे. पक्षीनिरीक्षक आपल्या नोंदी जिथे टाकतात त्या ई-बर्ड या संकेतस्थळावर यादी भरताना मोठ्या थव्यापुढे आकड्याऐवजी ‘एक्स’ टाकायची बऱ्याच जणांना सवय असते. ‘एक्स’चा अर्थ पक्षी होता एवढाच, तो वाढला की घटला, हे त्यातून कुणालाही काढता येत नाही. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतला आहे आणि तो उभा आहे तो अशाच सामान्य निरीक्षकांच्या याद्यांवर. दहा-दहाच्या ढिगांनी अंदाज बांधून ‘३००’ लिहिलं तरी चालतं. माद्यांपाशी अडायला होतं, कारण काळ्या डोक्याच्या आणि लाल डोक्याच्या माद्या शेतात वेगळ्या ओळखणं जवळजवळ अशक्य. त्यासाठी दोन्ही जातींचा जोड पर्याय यादीत आहे, तो निवडायचा आणि त्याच्यापुढे आकडा घालायचा.